जोडीदाराची सायकल

आमच्या घराला दार नव्हतं. चौकट होती, वाळवीनं पोखरलेली, आणि तिच्यावर खताच्या पोत्यांचा शिवलेला पडदा. वारा सुटला की पडदा फुगायचा आणि माय आतून विचारायची, "कोण हाय गं?" कोणी नसायचं. बाप उन्हाळाभर वीटभट्टीवर आणि पावसाळ्यात ज्याचं बोलावणं येईल त्याच्या शेतात. माय आठवडी बाजाराला ताडकळसला भाजी घेऊन बसायची, बाकीचे दिवस दुसऱ्यांची भांडी, दुसऱ्यांची अंगणं. दोघांनाही सही येत नव्हती. हे मी लाजून सांगत नाही. अंगठा उठवणाऱ्या घरातून मी सायन्सला गेले, हे सांगायला मला आवडतं.

शिकायला कोणी नाही म्हटलं नाही, पण अट घातली. चुलत्यानं घातली आणि बापानं मान डोलावली. "शीक. पर एक वरीस जरी वाया गेलं, की दुसऱ्या वरसाला लगीन. मग रडायचं न्हाई." माय गप्प राहिली. माय गप्प राहिली म्हणजे तिलाही ते मान्य होतं.

अडचण अभ्यासाची नव्हती, रस्त्याची होती. कॉलेज परभणीला, आणि परभणीची पहिली बस फाट्यावरून जायची. ती चुकली की प्रॅक्टिकल बुडालं. आमच्या गावापासून फाट्यापर्यंत आधी मुरमाचा रस्ता, मग काळ्या रानातून जाणारी पांदण, मध्ये ओढा. उन्हाळ्यात ठीक. पाऊस पडला की ती काळी माती अशी चिकटते की पायातली चप्पल सोडावी लागते आणि पाऊल उचललं की सोबत पाटीभर चिखल उचलला जातो. माझ्या आधी गावातल्या दोन पोरी कॉलेजला लागल्या होत्या. दोघी त्या पांदणीपायी घरी बसल्या. एकीची तर हुशारीबद्दल तालुक्यात बातमी छापून आली होती.

गावात तेव्हा विनावापर एकच सायकल होती, अप्पांची. खरं तर अप्पांकडची म्हणायला पाहिजे. ती आपली नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच सांगायचे.

अप्पांचं घर गावाच्या टोकाला, पांदण सुरू होते तिथंच. एकच खोली, बाहेर ओटा, ओट्यापुढं बेलाचं झाड. लिंगायत माणूस. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात कायम धुतलेली बंडी. लग्न केलेलं नव्हतं, शेत बटईनं दिलेलं. आणि पायजम्याच्या उजव्या पायाला, घोट्याजवळ, सायकलवाले लावतात तसला पत्र्याचा चिमटा. मी लहान होते तेव्हापासून तो चिमटा तिथं होता. अप्पांना सायकलवर बसलेलं मात्र माझ्या वयाच्या कोणी बघितलं नव्हतं. एकदा मी विचारलं, "अप्पा, चिमटा कशाला वो?"

"निगावं लागलं तर?" म्हणाले. बस, एवढंच.

माय त्यांचं अंगण सारवायला जायची, मी तिच्या मागं. त्यामुळं अप्पा मला जवळून बघायला मिळाले. ते रस्त्याकडं पाठ करून कधी बसत नसत. जेवतानासुद्धा ताट दाराकडं तोंड करून. चहा दोन कप करायचे. एक प्यायचे, दुसरा समोर ठेवायचे, त्यावर साय धरली की उठून बेलाच्या बुडाला ओतायचे. मायनं एकदा हिंमत करून म्हटलं, "अप्पा, वतण्यापरीस लेकराला द्या की." अप्पांनी मायकडं असं बघितलं, जसं तिनं दुसऱ्याच्या ताटातलं मागितलं. मग माझ्यासाठी तिसरा कप केला.

सायकल खोलीत आढ्याला टांगलेली होती, दोन दोरांनी. चाकं आपल्या डोळ्यांच्या रेषेत येतील एवढ्या उंचीवर. आपल्याकडच्या सायकलीसारखी ती नव्हतीच. अंगानं बारीक, लांबट, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, टायर बोटभर. हैदराबादेत कोणा परदेशी माणसानं जाताना विकलेली जोडी होती, तशा दोन. एक अप्पांनी घेतली, एक त्यांच्या जोडीदारानं. जोडीदाराचं नाव अप्पा घेत नसत. 'तो' म्हणायचे किंवा 'जोडीदार'. दोघं तरणेबांड असताना त्या सायकलींवर देश बघायला निघाले आणि बघून परतही आले. अगदी गावाच्या शिवेपर्यंत आले. पुढचं गावाला माहीत होतं, पण अप्पांसमोर कोणी बोलत नसे.

दर सोमवारी त्या हँडलवर बेलाचं पान असायचं.

अप्पांची स्वतःची सायकल, त्या जोडीतली दुसरी, गावाच्या जुन्या विहिरीत होती. त्यांनी स्वतःच टाकली होती म्हणतात. ज्या उन्हाळ्यात पाणी लय खाली जायचं, त्या उन्हाळ्यात तिचं वळलेलं हँडल पाण्याच्या वर यायचं. मी बघितलंय. भर दुपारी, वारा नाही, पाणी स्थिर, आणि मधोमध दोन गंजलेली शिंगं. बाया त्या दिवसांत तिथून पाणी शेंदत नसत. लांबच्या हापशाला जायच्या.

अप्पा कुठलंही काम जोडीदाराला विचारल्याशिवाय करत नसत. विचारायची रीत अशी. टांगलेल्या सायकलचं पुढचं चाक हातानं जोरात फिरवायचं, आणि डोळे मिटून सवाल करायचा. चाक फिरत फिरत मंद होई, थोडं मागं-पुढं झुले, मग थांबे. हवा भरायचा वॉल वर थांबला तर 'हो'. खाली थांबला तर 'नाही'.

वॉल कायम खालीच थांबायचा.

"काय म्हणला तो, अप्पा?" माय विचारायची.

"न्हाई म्हणतोय."

घराला पत्रे टाकू का? नाही. शेत विकू का? नाही. डोळ्याचं ऑपरेशन करू का? नाही. एकदा भाजीवाला दारात आला तर वांगी घेऊ का हेसुद्धा विचारलं. वांगीवाला खोलीत डोकावून उभा, चाक फिरतंय, आणि शेवटी अप्पा बाहेर येऊन म्हणतात, "त्याची मर्जी न्हाई." वांगीवाला म्हणाला, "अप्पा, त्याला सांगा, लय कवळी हायत." गावात हा किस्सा वर्षभर पुरला. पण हसणारेच एकेकटे गुपचूप यायचे. हरवलेली शेळी, पोरीचं स्थळ, दवाखान्यात ठेवलेला म्हातारा. आणि नाही ऐकून खाली मान घालून जायचे.

सगळ्यात भीती वाटायची ती अप्पांच्या निरोपाची. घरून कोणी निघालं की आपण 'या' म्हणतो. अप्पा म्हणायचे, "पुढं हो, मी आलोच." पाहुण्याला, पोस्टमनला, मायला, मला. गावातून प्रेतयात्रा निघाली की अप्पा ओट्यावरून उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, हात जोडायचे आणि मेलेल्या माणसाकडं बघून तेच म्हणायचे, तसल्याच रोजच्या आवाजात, जसं काही दोघांना मिळून बाजाराला जायचंय. खांदा देणाऱ्यांची चाल तिथं बदलायची. आजारी माणसाच्या घरचे लोक अप्पांना भेटायला येऊ देत नसत.

बारावीला चांगले मार्क पडले. बापानं परभणीला ॲडमिशन घेऊन दिली. पावसाळा तोंडावर होता. मी मायला म्हटलं, अप्पांना सायकल मागू.

"पागल झालीस का? त्या सायकलीला कोणी बोट लावत न्हाई."

"मी लावते."

मागितली. अप्पा कितीतरी वेळ सायकलकडं बघत राहिले. "त्याची इजाजत घ्यावी लागंल," म्हणाले. चाक फिरवलं. मी मनात देवाचं नाव घेत होते. चाक झुललं आणि वॉल खाली येऊन थांबला.

"न्हाई म्हणतोय, पोरी."

मी घरी येऊन रडले. पहिल्या महिन्यात दोनदा बस चुकली. कपड्यांचं विचारूच नका. चिखलानं भरलेली सलवार पिशवीत, दुसरी फाट्यावरच्या हॉटेलमागं बदलायची. मग फिजिक्सच्या तासाला सरांनी गुरुत्वमध्य शिकवला. जड बाजू खाली येणारच. सर फळ्यावर चाक काढत होते आणि माझ्या डोक्यात अप्पांच्या खोलीतलं चाक फिरत होतं. वॉल! लोखंडी वॉल, रिंगेची ती बाजू जड. तो खाली थांबणारच. अप्पांनी आयुष्यभर जे 'नाही' ऐकलं, ते वॉलचं वजन होतं.

मी संध्याकाळी बसमधून उतरले ती तशीच चिखलाच्या पायांनी अप्पांच्या ओट्यावर. माझा स्वभाव असा, मनात आलं की तोंडात.

"अप्पा, तो न्हाई म्हणत न्हाई. वॉल जड हाय म्हणून खाली येतोय. समोरच्या बाजूला वजन बांधा, वर थांबंल. कोणी बी हो म्हणंल."

दिवेलागणीची वेळ. अप्पांच्या चेहऱ्यावर उजेड कमी होता. त्यांनी आत, खोलीतल्या चाकाकडं बघितलं. मग म्हणाले, "निघ."

मी थांबले. पुढचं वाक्य येईल म्हणून. आलं नाही. नुसतं 'निघ'. मायला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "लय शिकलीस! म्हाताऱ्याला इतक्या वरसाचा एकच सोबती, त्याला बी वॉल म्हणलीस?"

पुढचे काही दिवस अप्पांचं दार बंद. माय अंगण सारवायला गेली तर आतून काही ठोकल्याचा, काही घासल्याचा आवाज यायचा. मग एक दिवस त्यांनी मला बोलावलं. मायही आली, भीत भीत. सायकल तशीच टांगलेली. अप्पांनी भस्म लावून आंघोळीचे ओले केस मागं सारलेले. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "तुला ही कशाला पायजे, ते त्याला सांग. तुझ्या तोंडानं."

मी सायकलला सांगितलं. कॉलेज, बस, चुलत्याची अट, सगळं. सांगताना आधी हसू येत होतं, मग येईनासं झालं. कारण खोलीत कोणीतरी ऐकतंय असं वाटायला लागलं.

अप्पांनी चाक फिरवलं. चाक मंद झालं, झुललं, वॉल खाली आला, आणि थांबला नाही. वर निघाला. वर जाऊन, थोडा डगमगून, तिथंच थांबला.

मायच्या तोंडून "अगं माय" निघालं. माझ्या अंगावर काटा आला. मी गुरुत्वमध्य शिकलेली पोरगी, पण काटा आला.

"मंजूर हाय," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

दुसऱ्या दिवशी सायकल खाली उतरवली. "अशी नेऊन चालणार न्हाई," अप्पा म्हणाले, "हे टायर काळीत सुरीवाणी रुततील. जाड टायर लागतील. आन मडगार्ड. न्हाईतर कॉलेजात जाशील तवा पाठीवर चिखलाची रेघ आसंल, पोरं हसतील."

परभणीहून टायर मी आणले. दुकानदारानं सव्वीस नंबर म्हणून गिअरच्या सायकलचे जाडजूड टायर दिले. ते रिंगेवर चढेचनात. दोघांनी गुडघे लावून ओढले. टायर लहान, रिंग मोठी. अप्पा म्हणाले, "नंबर एक आसला म्हणून काय झालं, सव्वीस-दीडचे आण, लेडीज सायकलीला येतात ते." ते मात्र बसले, हातमोज्यासारखे.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. जुना टायर काढताना. अप्पा पुढच्या चाकाला हात लावायचं टाळत होते, म्हणून त्याचा टायर मीच ओढला. तो सुटला आणि आतून काहीतरी फरशीवर टणकन पडलं. चिंधीत गुंडाळलेला तुकडा. चिंधी सुटली होती. आत शिसं, ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीतलं असतं तसलं. वॉलच्या बरोबर समोर बसवलेलं.

मी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी दाराकडं बघितलं, पांदणीकडं. मग माझ्या कानाशी येऊन, अगदी हळू, म्हणाले, "कोणाला बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलणार."

"त्याला बी न्हाई."

मी हसणार होते. पण त्यांनी तो तुकडा ज्या घाईनं बंडीच्या खिशात कोंबला, ती घाई खरी होती. चोरी करताना कोणी मागं उभं असावं, तशी. मला आजही वाटतं, त्या माणसानं आयुष्यात एकदाच जोडीदाराला फसवलं, आणि ते माझ्यासाठी.

मडगार्ड बसवताना ते बोलले. मोठ्या सायकलची लोखंडी मडगार्डं आणली होती, ती लाकडावर ठोकून रुंद करत होते. बोलणं हातोडीच्या ठोक्यांच्या मधून.

"तवा बी मडगार्ड मीच बसवले होते. दोघांच्या सायकलीला. तंग. टायराला अगदी लागून. दिसायला लय देखणे." ठोका. "सगळा देश फिरलो, कुठं अडलं न्हाई. वाळूत न्हाई, घाटात न्हाई. आन आपल्याच पांदणीत आलो तर पाऊस. काळी माती मडगार्डात भरली. चाक फिरंना. माझं बी, त्याचं बी." ठोका. "मी माझं काढून फेकलं. तो म्हणला, पुढं हो, मी आलोच. चिखल काढतो आन आलोच."

मी विचारलं नाही. ते स्वतःच म्हणाले.

"मी पुढं आलो. भूक लागली होती. भाकर खाऊन वाट बघितली. मग परत गेलो तर सायकल उभी. स्टँड न्हाई, कशाला टेकलेली न्हाई. पांदणीच्या मधोमध चिखलात उभी, कोणीतरी धरल्यावाणी. आन माणूस न्हाई."

ओढ्याला त्या दिवशी पाणी आलं होतं. गाव म्हणतं, चिखल उकरायची काडी आणायला किंवा हात धुवायला गेला आणि वाहून गेला. प्रेत सापडलं नाही. दोघंही लिंगायत, त्यांच्यात माणसाला बसवून माती देतात. ज्याला मातीच दिली नाही त्याला गेला कसं म्हणायचं, असं अप्पांचं म्हणणं.

मडगार्ड आणि टायरमध्ये त्यांनी एवढी फट ठेवली की मी म्हटलं, "अप्पा, हे लयच उचललंय. बोटभर पुरे की."

"बोट न्हाई. हात गेला पायजे."

"माझा जातो की, बघा."

"तुझा बारीक हाय," म्हणाले, आणि आधाराच्या तारांचे बोल्ट सोडून मडगार्ड अजून उचललं. मग आपला पंजा आत घालून बघितला, आणि मान हलवली. "त्याचा माझ्यापरीस रुंद हाय." पुन्हा उचललं.

सायकल चालू झाली. जाड टायर चिखलात रुतायचे नाहीत, मडगार्डात भरलेली माती हात घालून काढता यायची. त्यासाठी बाभळीची एक काडी अप्पांनी दांडीला बांधून दिली होती. बस चुकायची बंद झाली. बाकी काही गोष्टी सांगते, त्या आपापल्या समजुतीनं घ्या. एकदा खुरपणाऱ्या बायांपैकी एकीनं मला हटकलं, "काय गं, माघारी कोण बसलं होतं सकाळी?" मी म्हटलं, कोणी नाही, मावशी. ती म्हणाली, "बरं बाई," आणि खाली बघून खुरपायला लागली, पण तिचं खुरपं एकाच जागी फिरत होतं. आणि ओढ्याच्या चढाला सायकल कधी कधी हलकी व्हायची. मी असं समजले की माझे पाय तयार झाले.

शेवटच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि परतीचा पाऊस लागला. रात्रभर पडला. सकाळी उघडीप होती, पण उजेड राखेसारखा. चुलता आमच्या चौकटीत उभा राहून म्हणाला, "आज जाऊन काय हुणार? ओढा भरलाय. जाऊ दे, लिहिलेलंच आसतं नशिबात." त्याच्या आवाजात मला स्थळ ऐकू येत होतं. मी सायकल काढली.

अप्पा ओट्यावर होते. "पुढं हो, मी आलोच," म्हणाले, नेहमीसारखं.

मुरूम संपला, काळी लागली. ओढ्याच्या अलीकडं चाकं थांबली. दोन्ही मडगार्डं भरली. मी काडी घातली, ती मोडली. हातानं उकरलं तर माती रबरासारखी परत येत होती. बसची वेळ होत आली होती. मी सायकल सोडली. ती पडली नाही. चिखलानं धरलं होतं, उभीच राहिली. मला अप्पांचं बोलणं आठवलं, पण थांबायला वेळ नव्हता. बाभळी ओढ्याच्या काठाला होत्या. मी गेले, एक सुकी काडी मोडली, परत फिरले.

दोन्ही चाकं मोकळी होती.

मडगार्डांच्या आत एकही ढेकूळ नव्हतं. काढलेला चिखल चाकाशेजारी ढीग करून ठेवला होता, आणि ढिगावर थापलेला पंजा उमटला होता, ओला, ताजा, पाच बोटं. अंगठा उजवीकडं. मी भोवती बघितलं. पांदणीच्या दोन्ही बाजूला उघडं रान, तुरीसुद्धा नाहीत, लपायला जागा नाही. चिखलात फक्त माझी पावलं. जाणारी आणि येणारी. मी हाक मारली, "कोण हाय?" मायच्या आवाजासारखी वाटली. ओढ्याचं पाणी गुडघ्याला होतं, पण वाट देत होतं.

मी सायकल उचलली आणि ओढा ओलांडला. मागं बघितलं नाही. बस मिळाली. परीक्षा दिली. स्पिरिटचा दिवा पेटवताना तीन काड्या वाया गेल्या, तर प्रॅक्टिकलच्या बाईंनी विचारलं, "घाबरलीस का गं?" मी म्हटलं, हो.

दुपारी ऊन पडलं होतं. परतताना ढिगाजवळ थांबले. उन्हानं वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, पंजा होताच. मी त्या दिवशी नंतर सगळ्यांना विचारलं, गुराखी, बटईदार, खुरपणाऱ्या बाया. सकाळी तिकडं कोणी गेलं नव्हतं.

अप्पा ओट्यावरच होते, पांढरी बंडी, पाय कोरडे. मी विचारलं, "अप्पा, तुमी आला होता का वो ओढ्यापाशी?"

"मी? हितून हललो न्हाई. का?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. शेवटी दोन्ही पंजे ओट्याच्या फरशीवर पालथे ठेवले. "कोणता?"

मी बघितलं. त्यांच्या बाजूनं बघितलं तर अंगठा उजवीकडं येतो तो. "हा. डावा."

अप्पांनी तो हात तसाच ठेवला, त्याच्याकडं बघत. म्हणाले, "डावखुरा होता." हे मला माहीत नव्हतं. गावात कोणालाच माहीत नव्हतं, माहीत असणारे सगळे गेले होते.

मग वाकून त्यांनी पायजम्याचा चिमटा काढला. चिमट्याखालच्या कातडीवर पांढरा वळ होता. चिमटा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुझ्या सलवारीला लाव. चेनीत अडकती." मी निघाले तेव्हा मी वाट बघत होते त्या वाक्याची. ते म्हणाले, "नीट जा, पोरी."

त्यानंतर ते वाक्य त्यांनी कोणालाच म्हटलं नाही. चहा एकच कप व्हायला लागला. जेवताना दाराकडं पाठ झाली तरी त्यांना चालू लागलं. लोक म्हणायचे, अप्पा सुधरले. मला तसं वाटत नाही. वाट बघणं संपलं, एवढंच.

त्याच हिवाळ्यात अप्पा गेले, दुपारी, ओट्यावर, ऊन खाता खाता. त्यांच्या रीतीप्रमाणे बसवून नेलं. प्रेतयात्रा पांदणीकडून गेली, आणि त्यांच्या ओट्यापुढं आल्यावर सगळ्यांची पावलं सवयीनं मंदावली. कडेला कोणी उभं नव्हतं. मीही काही बोलले नाही. त्यांना 'पुढं हो' म्हणायचं काम माझं नव्हतं. ज्याचं होतं, तो पुढं होता. शिशाचा तुकडा बंडीच्या खिशात सापडला. लोकांनी विचारलं हे काय, मी सांगितलं नाही. खड्ड्यात बसवताना त्यांच्या सोबत ठेवला. आता त्यांचा हिशेब त्यांनी दोघांनी बघावा.

सायकल माझ्याकडं आहे. मडगार्डातली फट मी कमी केलेली नाही, मेकॅनिक कितीही हसला तरी. पांदणीचं आता डांबर झालंय.

उन्हाळ्यात निकाल लागला. मी बी.एस्सी. झाले. एकही वर्ष वाया गेलं नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि पहिल्या पगारातून मी आमच्या चौकटीला दार बसवलं.